विश्लेषण : बोर्दोला मान, मग मोहाला का नाही?

फ्रान्समधील बोर्दोची लाल वाइन सहसा एकाच द्राक्षाची नसते. काबर्ने सॉव्हिन्यों, मेर्लो, काबर्ने फ्रां हे वाण वेगवेगळे आंबवून नंतर मिसळतात. बाटलीवर मात्र ठळक नाव असते ते द्राक्षाचे नव्हे, तर शातोचे आणि मुलखाचे. जव्हार-मोखाड्यातील मोहाच्या दारूलाही स्वतःचा मुलूख आणि हंगाम आहे, पण तिच्या वाट्याला बहुतेकदा पोलिसांचा पंचनामाच आला.

मिश्रण कशासाठी?

मेर्लो लवकर पिकते आणि मऊ असते. काबर्ने उशिरा पिकते, तुरट असते आणि टिकते. शरद ऋतूत पाऊस आला तर एक वाण फसले तरी दुसरे सावरते. चवीइतकाच हा शेतकऱ्याने काढलेला विमा आहे.

सोबत काय खातात?

या वाइनचा तुरटपणा मांसातील प्रथिने आणि चरबीमुळे सौम्य होतो. म्हणून बोर्दोजवळच्या पोयाक गावात तिच्याबरोबर तिथलेच कोकराचे मांस वाढतात. हीच बाटली मोखाड्यात उघडली तर? ताटात नागलीची भाकरी, उडदाची आमटी, पावसाळ्यात रानभाज्या आणि खेकडे, एरवी सुकी मासळी. लाल वाइनमधील लोहामुळे मासळीबरोबर तोंडात माशाचा उग्र वास मागे राहतो आणि तिखटाने मद्याची जळजळ वाढते. थोडक्यात, सुका बोंबील आणि बोर्दो यांचे जमत नाही. मोहाची दारू ही वाइन नव्हेच. फुले आंबवून, मग उकळून तिची वाफ थंड करून ती गाळतात. त्यामुळे ती वाइनपेक्षा बरीच कडक, पण तुरटपणा जवळजवळ नाही आणि फुलाचा वास कायम. खारट, भाजलेल्या मासळीपुढे ती टिकते. वारली समाजात तर ती आधी देवाला, लग्नविधीला लागते. ताटाचा विचार नंतरचा.

मग ती गुन्हा कशी ठरली?

महसुलासाठी. ब्रिटिश सरकारला कर भरणाऱ्या मोठ्या भट्ट्यांचीच दारू खपवायची होती. उरणच्या भट्ट्यांना मोहफुले गुजरातेतून येत, आणि ठाणे-कुलाब्यातील आदिवासींवर मात्र 1892च्या मोहा कायद्याने फुले बाळगण्यावरच बंधने आली. मोखाडा तेव्हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात होता, शेजारचे जव्हार संस्थान होते. पुढे 1949चा दारूबंदी कायदा आला.

आता काय बदलले?

राज्य सरकारने 2021मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध सैल केले. परवान्याविना दारू गाळणे मात्र आजही गुन्हाच आहे. गोव्याच्या काजू फेणीला 2009मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नाशिक व्हॅली वाइनला 2010मध्ये. मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून वाट करून दिली.

नुसत्या ‘वारसा’ या शब्दाने अर्थात भागणार नाही. दारूपायी मार आणि उपासमार सोसणाऱ्या बायकांचा विरोध खरा आहे. नवसागर घातलेली, कुणीही न तपासलेली दारू मोहाच्या नावावर खपते, हेही खरे. परवाना मिळाला आणि बाटली शहरातल्या कारखान्यात भरली गेली, तर मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुले वेचणाऱ्या बाईच्या हाती सुक्या फुलांचा भाव तेवढा उरेल. बोर्दोत नाव वापरण्याचा हक्क त्या भागातल्या द्राक्षांशी आणि तिथे वाइन बनवणाऱ्यांशी कायद्याने बांधलेला आहे. महाराष्ट्रात मोहाच्या बाबतीत ही गाठ अजून मारलेली नाही.