उंची दैवाची, मेहनत त्याची

सात फूट चार इंच उंची! एवढं लाभलं की बास्केटबॉल आपोआप येत असेल, असं आपल्याला वाटतं. टोरांटोच्या झॅक ईडीचं तसं नव्हतं. लहानपणी तो आइस हॉकी, बेसबॉल खेळायचा. बास्केटबॉल भेटला दहावीच्या सुमारास. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात आला, तेव्हा सामन्यामागे सरासरी नऊ गुणही जमेनात. चौथ्या वर्षी तेच पंचवीसवर गेले.

हल्ली उंच खेळाडूही लांबून नेम धरतात. ईडीची खरी जागा मात्र बास्केटखालीच. २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत दुबळ्या फेअरली डिकिन्सननं पर्ड्यूला पहिल्याच फेरीत हरवलं. तो खचला नाही. २०२४ मध्ये संघ अंतिम सामन्यात पोहोचला. त्यानं ३७ गुण केले, तरी विजेतेपद हुकलं. पण आपली जागा ओळखून तिथंच घाम गाळणारा हरला, असं कसं म्हणायचं?