वाचलेला डाव, खेळलेला डाव

गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक बाजारात गिऱ्हाईक नसले की कुस्तीच्या गप्पा निघतात. डाव पुस्तकातून येतो का, हा वाद मी तिथे अनेकदा ऐकला आहे. जुनी माणसे तो हसण्यावारी नेतात. मला मात्र तो नीट तपासण्याजोगा वाटतो.

मराठीत या विद्येची पुस्तके थोडीथोडकी नाहीत. द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत काढला. तोंडी विद्या कागदावर आणण्याचा एवढा मोठा उद्योग आपल्याकडे दुसरा मला ठाऊक नाही. त्याच्या आठशे वर्षे आधी कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मल्लांचे वय आणि बळ यांवरून वर्ग पाडले, त्यांचा व्यायाम आणि खुराक सांगितला. पण तो ग्रंथ मल्ल पोसणाऱ्या राजाचा. शिकणाऱ्या पोराला त्याचा उपयोग बेताचाच.

एकेरी पट घ्या. पुस्तक सांगते : खाली झुका, समोरच्याचा एक पाय दोन्ही हातांत धरा, ओढा. यात चूक काहीच नाही. पण कोणता पाय, आणि केव्हा? खडाखडीत मानेवर हात टाकून हिसका दिला की तोल सावरायला तो एक पाऊल पुढे टाकतो. ते पाऊल टेकते न टेकते तोच पट काढायचा. क्षणभर उशीर झाला की तो दोन्ही पाय मागे फेकून अंगावर वजन टाकतो आणि आपले तोंड मातीत. हा क्षण पहिल्या आणि दुसऱ्या छायाचित्राच्या मधे असतो. हाताखालची मान ताठ झाली की सैल पडली, हे छापता येत नाही. वस्ताद जोड लावून देतो ती एवढ्यासाठीच.

लाठीचे जरा वेगळे आहे. एकट्याने फिरवायचे हात चित्रावरून बरेचसे बसतात. पण मनगट चुकीचे वळले तर ते दाखवायला कोणीतरी लागतेच.

युरोपात पंधराव्या शतकातल्या टालहोफरच्या सचित्र पोथ्यांवरून आज काही मंडळी तलवारबाजी पुन्हा उभी करताहेत. तिथे शिकवणाऱ्यांची परंपरा तुटली, पोथ्या उरल्या. एकेका चित्राच्या अर्थावरून त्यांच्यात वाद होतात. विचारणार कोणाला?

आपल्याकडे तशी वेळ आलेली नव्हती. ज्ञानकोश निघू लागला त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. ती माणसे आखाड्यात घडलेली होती. आज ज्ञानकोशाचे खंड ग्रंथालयात सापडतात. त्यातला एखादा डाव अडला तर करून दाखवणारा वस्ताद शोधावा लागतो. सापडलाच तर त्याचा पहिला प्रश्न असतो, पहाटे पाचला येशील का?