अंथरुणाला खिळलेला जोडीदार आणि घरची तजवीज

पती किंवा पत्नी अर्धांगवायूने अथवा खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळली, म्हणजे प्रथम डोळ्यांपुढे येते ते रुग्णालयाचे बिल. त्यासाठी नातलग धावून येतात, प्रसंगी दागिने गहाण पडतात. परंतु घराला खरी ओहोटी लागते ती रुग्ण घरी आल्यावर. हा खर्च लहान लहान आणि रोजचा असतो. शिवाय सेवा करणारा जोडीदारही बहुधा साठी उलटलेलाच असतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

खर्च आटोक्यात ठेवण्याचा पहिला उपाय म्हणजे शक्यतो वस्तू विकत न घेणे. डोक्याकडून उचलता येणारी खाट, कमोडची खुर्ची, चाकांची खुर्ची, वॉकर या वस्तू कित्येकदा काही महिनेच लागतात आणि पुढे माळ्यावर पडून राहतात. महाराष्ट्रात जनकल्याण समितीसारख्या संस्था रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालवितात. तेथे अनामत ठेवून वस्तू न्यावी व काम झाल्यावर परत करावी, असा शिरस्ता आहे. आपल्या भागात ज्या घरी नुकतेच आजारपण होऊन गेले असेल, तेथे निःसंकोच विचारावे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते. पण ती शिबिरातून मिळत असल्याने उद्याची निकड त्यावर भागत नाही.

गादीविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण शय्याव्रण झाला की पैसा आणि धीर दोन्ही संपतात. हवेच्या गादीतील कप्पे लहानशा पंपाने आलटून पालटून फुगतात व दाब एका जागी राहत नाही. तथापि गादी आणली म्हणून कूस बदलण्यातून सुटका होत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. माकडहाड, खुबे व टाचा रोज पाहाव्यात. लाल झालेली जागा चोळू नये. मध्ये भोक असलेली रबरी चकतीही बसावयास देऊ नये, तिच्या कडांनी रक्तपुरवठा उलट अडतो. कमरेखाली आडवे घातलेले जुने लुगडे दोघांनी दोन्ही टोकांना धरले, तर रुग्ण न घासता सरकतो व सेवा करणाऱ्याची पाठ वाचते. दिवसाला तीन डायपर धरले तरी महिन्याचे नव्वद होतात. म्हणून दिवसा मेणकापड व जुनी धोतरे वापरून डायपर रात्रीपुरते व प्रवासापुरते ठेवावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पाकिटावरील किंमत पाहून घ्यावी. औषधांची चिठ्ठी जेनेरिक नावांनी मागून जनऔषधी केंद्रात न्यावी. पुष्कळ औषधे तेथे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

आता मदतीच्या माणसाविषयी. चोवीस तासांची बाई ठेवणे बहुतेकांना परवडत नाही, आणि पुष्कळदा तितकी गरजही नसते. सकाळचे दोन तास अंघोळ, चादर व स्वच्छता यांसाठी माणूस मिळाला तर दिवस निभावतो. लघवीची नळी, नाकातील नळी व जखमेची पट्टी यांसाठी मात्र शिकलेली परिचारिकाच बोलवावी. परंतु अंघोळीसाठी तिचा मोबदला मोजू नये. रुग्णालयातून सुटी मिळण्यापूर्वी रुग्णाला उठविणे, बसविणे, भरविणे हे वॉर्डातील सिस्टरकडून स्वतः करून शिकून घ्यावे. (भेटीस येणारे पाहुणे सफरचंदे आणतात. त्याऐवजी ते दोन तास रुग्णाजवळ बसले, तर घरच्या माणसाला झोप तरी मिळेल!)

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, पण शिधापत्रिका कर्नाटकाची. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत तातडीचे प्रसंग वगळता सरकारी रुग्णालयाची शिफारस-चिठ्ठी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले आणि कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. म्हणून कोणत्याही बाजूस रुग्ण नेण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्रास विचारून खात्री करून घ्यावी. निपाणीच्या ज्या घरांत विड्या वळल्या जातात, त्यांनी विडी कामगार ओळखपत्र शोधून ठेवावे. १९७६ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कल्याण निधीतून कामगार व कुटुंबीयांसाठी दवाखान्यांची सोय झाली. या साऱ्या योजना प्रामुख्याने दवाखान्यातील उपचारांच्या आहेत. घरी येणारी बाई व डायपर त्यांत बसत नाहीत.

ही उणीव आपला ट्रस्ट काही अंशी भरून काढू शकेल. महोत्सवी निधीतून दोन खाटा, दोन कमोडच्या खुर्च्या व दोन हवेच्या गाद्या घ्याव्यात आणि एक नोंदवही ठेवावी. ज्यांच्या माळ्यावर असे साहित्य पडून आहे, त्यांनीही ते कार्यालयात आणून द्यावे. मात्र गादी साबणाच्या पाण्याने पुसून, सावलीत वाळवून आणि पंपाची नळी सोबत बांधून द्यावी. पंपावाचून गादी परत आली तर ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही.