वर्ज्य आणि रुजू

आमच्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही गेली दोन वर्षे ठेवलेली आहे. तिच्यात चार रकाने आहेत : वेळ, जिन्नस, वजन आणि लक्षण, पैकी शेवटच्या रकान्यात माझी मुलगी शून्यापासून दहापर्यंतचा एक आकडा स्वतःच्या हाताने भरते. सरकारी दप्तरात उमर घालविलेल्या माणसाला रोजकीर्द नवी नसते. परंतु जिच्यातील प्रत्येक नोंद पोटच्या लेकराच्या वेदनेशी ताडून पाहावी लागते अशी कीर्द मी प्रथमच पाहिली, आणि पथ्य या शब्दाचा खरा अर्थ मला तिनेच शिकविला.

मुलीला सिलियाक हा विकार असल्याचे निदान तिच्या सव्विसाव्या वर्षी झाले. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की या रुग्णांची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्यावर उलटते, आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म रसांकुर झिजून सपाट होतात. ग्लूटेनचा आजन्म त्याग हाच त्यावरील उपचार. ज्वारी, नाचणी आणि तांदूळ ही तर आपल्याच मुलखाची धान्ये. तेव्हा गव्हाचा डबा रिकामा करताना आम्हांला फारसे जड गेले नाही. वर्षभरात तिचा रक्तक्षय हटला, वजन चार किलोंनी वाढले, रक्तातील प्रतिपिंडांचा आकडाही उतरला. आणि तरीदेखील दुपारच्या जेवणानंतर तासा-दीड तासाने ती पोटावर हात दाबून खुर्चीत बसे आणि म्हणे, "बाबा, पोट पुन्हा नगाऱ्यासारखं झालंय."

आहारतज्ज्ञ बाईंनी प्रथम आमच्या स्वयंपाकघराची झडती घेतली. कारण पथ्य पाळूनही त्रास राहिला तर नकळत पोटात जाणाऱ्या ग्लूटेनचा संशय सर्वांआधी घ्यावा, असा या शास्त्राचा दंडक आहे. त्या झडतीत दोन गुन्हेगार सापडले. पहिला हिंग : बाजारातील डबीबंद हिंगात शुद्ध हिंगाचा अंश थोडा असतो आणि बाकी भर बहुधा पिठाची, पुष्कळदा गव्हाच्याच पिठाची असते, हे डबीवरील बारीक अक्षरे भिंगाखाली धरली तेव्हा उमगले. दुसरी गिरणी : आमच्या आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू ज्या जात्यातून गेले त्याच जात्यातून आमची ज्वारी दळून येत होती. हिंग बंद झाला, घरात घरघंटी आली, आणि वहीतला आठाचा आकडा सहावर आला. सहाच्या खाली मात्र तो उतरेना. तेव्हा डॉक्टरांनी आवश्यक त्या फेरतपासण्या उरकून घेतल्या, आणि साखर व पिष्ट यांची चौकशी सुरू झाली.

त्या चौकशीमागचे कारण समजण्यास सोपे आहे. साखरेचे मोठे रेणू फोडणारी विकरे रसांकुरांच्याच पृष्ठभागावर वास करतात. दुधातील शर्करा फोडणारे लॅक्टेज तर अगदी शेंड्याशी असते. म्हणून आतड्याला इजा झाली की ते सर्वांआधी नाहीसे होते आणि सर्वांच्या मागाहून परतते. ग्लूटेन सुटले तरी प्रौढ माणसाचे रसांकुर पूर्ववत होण्यास कित्येकदा दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. मधल्या काळात न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते, आपल्यासोबत पाणी ओढून आणते, आणि तेथील जंतू तिला आंबवून वायू निर्माण करतात. कांदा, लसूण यांतील फ्रुक्टन आणि राजमा-चण्यांतील शर्करा तर निरोगी माणसालाही पुरत्या पचत नाहीत. दुखावलेल्या आतड्याला त्या अधिकच छळतात. एवढेच नव्हे, शिजवून गार झालेल्या भाताचे व बटाट्याचे काही पिष्टही पचनाला दाद देईनासे होते. आणि ग्लूटेनमुक्त म्हणून जी बिस्किटे आम्ही निर्धास्तपणे आणीत होतो, ती मुख्यतः टॅपिओका व मक्याच्या पिष्टाची आणि साखरेची होती.

चार आठवड्यांची मुदत ठरली. दूध, कांदा, लसूण, कडधान्ये, साबुदाणा, बटाटा, मध, साखर आणि पुड्यांतील सर्व खाऊ वर्ज्य झाला; ताजा गरम भात, मोजून एक भाकरी, मुगाचे पातळ वरण, अंडी, मासळी, पडवळ, दुधी आणि गाजर एवढे शिल्लक राहिले. त्या दिवसांत माझ्या पत्नीने घातलेली फोडणी मी रोज जवळ उभा राहून पाहत असे. लसणातील फ्रुक्टन पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणून ती लोखंडी पळीत शेंगदाण्याचे तेल तापवी, सोललेल्या सहा कोरड्या पाकळ्या त्यात सोडी, त्यांच्या कडा बदामी होताच एकेक पाकळी चमच्याने उचलून बशीत काढी, आणि "सहा टाकल्या, सहा निघाल्या" असे मोठ्याने म्हणून मगच ते सुगंधी तेल वरणावर ओती. कांद्याच्या जागी पातीचा केवळ हिरवा भाग पडे. या मोजदादीत मला जी माया दिसली तिला दुसरी उपमा नाही.

तिसऱ्या आठवड्यात वहीत दोनचा आकडा आला. घरात सण झाल्यासारखे वाटले, आणि पत्नी म्हणाली, "आता हेच कायम चालू दे, काही परत आणायला नको." माझेही मन तिकडेच झुकले होते. बाईंनी मात्र ठाम नकार दिला. "बरं वाटलं, पण कशामुळे बरं वाटलं हे अजून कुठं कळलंय?" असे त्या म्हणाल्या, आणि त्या प्रश्नाचे मोल मला या रोगाचा इतिहास वाचल्यावर पटले.

न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ साली सिलियाकग्रस्त बालकांवर केळ्यांच्या आहाराचा प्रयोग प्रसिद्ध केला. पाव, बटाटा आणि सर्व पिष्टमय अन्न बंद करून ते मुलांना केळी देत. मरणाच्या दारातील मुले त्याने हसूखेळू लागत. गुण खरा होता. कारण मात्र चुकले होते. दोष एकंदर पिष्टाचा मानला गेला आणि खरा अपराधी गहू त्या गर्दीत लपून राहिला. बरी झालेली मुले पुढे पावाकडे वळली की रोगही परते. हेगचे डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय युद्धापूर्वीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील डच दुष्काळाने तो दृढ केला, आणि १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. डिके यांनी एकेक धान्य वगळून आणि पुन्हा देऊन पाहिले. हास आणि डिके यांच्यामध्ये जी सव्वीस वर्षे गेली, ती परत देऊन पाहण्याच्या अभावी गेली, असे मला वाटते. सरसकट वर्ज्य करण्याने आराम मिळतो. ज्ञान मिळते ते रुजू करून पाहिल्याने.

तेव्हा रुजवात सुरू झाली. एका वेळी एकच जिन्नस, तीन दिवस चढत्या मापाने, आणि पोट निवळेपर्यंत विसावा. साखर आली आणि आकडा हलला नाही. गरम बटाटा आला, तोही निर्दोष ठरला. दूध आले : पहिल्या दिवशी पाव वाटी, आकडा दोन; दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी, आकडा पाच; तिसऱ्या दिवशी प्रयोगच थांबवावा लागला. घट्ट दही मात्र चालले, कारण विरजणाचे जंतू दुधातील बरीचशी शर्करा आधीच खाऊन टाकतात. कांद्याला सात मिळाले, राजम्याला आठ. वैशाखात हापूस आला. दोन फोडी सुखाने पचल्या, अख्खा आंबा पचला नाही. चार महिन्यांच्या अखेरीस वर्ज्याची लांबलचक यादी तीन-चार ओळींवर आली, आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, साखरेचा शिरा हे सारे तिच्या ताटात सन्मानाने परतले. शिरा अर्थात तांदळाच्या रव्याचा.

ज्या घरात असा आजार आहे त्या घराला माझे कळकळीचे सांगणे एवढेच, की हे काम वैद्यकीय देखरेखीखाली आणि मुदत बांधून करावे. आधीच कुपोषित झालेल्या देहाचे ताट कायमचे आखडणे हा उपचार होऊ शकत नाही.

गेल्या महिन्यात, पहिल्या प्रयोगाला वर्ष उलटल्यावर, तिने दुधाची पुन्हा परीक्षा घेतली. अर्धी वाटी दूध ती खिडकीशी बसून सावकाश प्यायली. संध्याकाळी पाच वाजता तिने वही ओढली, चौथ्या रकान्यात एकचा आकडा लिहिला आणि काही न बोलता वही माझ्यापुढे सरकविली. मी तांबडी शाई काढली आणि दुधाच्या नावापुढे, कचेरीत हजारदा लिहिलेला तो शब्द थरथरत्या हाताने लिहिला : रुजू.