नकाशावरची टाचणी

२००५च्या फेब्रुवारीत गूगलने अमेरिकेचा ऑनलाइन नकाशा खुला केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात घर शोधणारा पॉल रॅडेमाकर हा प्रोग्रॅमर तेव्हा क्रेगलिस्टवरच्या जाहिराती वाचत होता. जाहिरातींत भाडे होते, पत्ता होता, पण घरे कुठे आहेत ते एका नजरेत दिसत नव्हते. गूगलच्या पानामागची जावास्क्रिप्ट त्याने उकलली आणि जाहिराती नकाशावर बसवल्या. ‘हाउसिंगमॅप्स’ त्याच वसंतात सुरू झाले. त्याने परवानगी घेतली नव्हती. गूगलने मात्र ते बंद पाडले नाही. जूनमध्ये बाहेरच्यांसाठी अधिकृत दार उघडले आणि पुढे रॅडेमाकरलाच नोकरी दिली. अशा जोडकामाला ‘मॅशअप’ म्हणतात. मराठीत ‘मिसळ’ म्हणायला माझी हरकत नाही.

याची किमया तुकड्यांत आहे. नकाशा म्हणजे एक अखंड चित्र नव्हे. २५६ पिक्सेल रुंद आणि तितक्याच उंच चौकोनी फरशा असतात. सर्वांत दूरच्या पातळीवर सारे जग एका फरशीत मावते. एक पायरी जवळ गेले की प्रत्येक फरशीच्या चार होतात. पंधराव्या पायरीला शंभर कोटींहून अधिक. आपण नकाशा ओढतो तेव्हा जावास्क्रिप्ट फक्त खिडकीत येणाऱ्या फरशा मागवते. म्हणून पान पुन्हा उघडावे लागत नाही. टाचणी ही या फरशांवरची वेगळी पातळ पारदर्शी थर समजा: अक्षांश-रेखांश दिले की ती कुठल्या पिक्सेलवर टोचायची याचे गणित ब्राउझरच करतो.

खरी अडचण त्याच्या आधीची. आपल्याकडे असतो पत्ता, अक्षांश-रेखांश नव्हे. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारा प्रोग्रॅम पत्ता समजला नाही तरी गप्प बसेलच असे नाही. लॉस एंजेलिस पोलिसांच्या गुन्हे-नकाशावर २००९ साली शहराच्या मध्यभागी एकाच जागी हजाराहून अधिक गुन्हे दिसत होते. तिथे गुन्हेगारांचा अड्डा नव्हता. न कळलेला प्रत्येक पत्ता ‘लॉस एंजेलिस’ एवढाच धरून प्रोग्रॅम शहराच्या ठरावीक बिंदूवर टाचणी टोचत होता. चूक ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने उघड केली.

तोच मजकूर ‘एव्हरीब्लॉक’ या संकेतस्थळावरही जसाच्या तसा गेला होता. त्याचा कर्ता एड्रियन होलोवाटी. शिकागोच्या गुन्ह्यांचा गाजलेला नकाशा २००५ मध्ये त्यानेच केला होता. उसन्या सामग्रीवर विसंबण्याची ही किंमत. नकाशा पाहून कुणी घर घ्यायचे टाळते, कुणी त्या गल्लीला नाव ठेवते. टाचणीखाली ‘अंदाजे’ असे लिहिलेले नसते. त्यानंतर एव्हरीब्लॉकने पोलिसांनी दिलेले अक्षांश-रेखांश स्वतः पत्त्याशी ताडून पाहायला सुरुवात केली. दोन्ही जुळले नाहीत तर टाचणी टोचायचीच नाही, असे ठरले.