धाराशिव प्रांतींचे कागद आणि अक्षरशः शब्दशोध

जुन्या दप्तरांचीं बाळबोध लिप्यंतरें आतां संगणकांत सांठविलीं जातात. अशा शेंकडों संचिकांतून एखादें ग्रामनाम हुडकण्यास 'ग्रेप' ही टंकून द्यावयाची आज्ञा उपयोगीं पडते. केन टॉमसन यांनीं ती अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रचिली, इ. स. १९७३ पासून ती युनिक्स प्रणालींत आहे. तिच्या वापरांत संशोधक फसण्याच्या दोन जागा आहेत, त्या आम्ही येथें दाखवीत आहों.

पहिली जागा चिन्हांची. ही आज्ञा पूर्णविरामाचा अर्थ 'कोणतेंही एक चिन्ह' असा घेते. म्हणून 'ता.' हा संक्षेप शोधूं जातां 'ताम्रपट' व 'तारीख' हेही शब्द पुढें येतात. संशयित वाचनापुढें घातलेली '[?]' ही खूण शोधावी, तर कंस गळून केवळ प्रश्नचिन्हच शोधलें जातें. यावर उपाय असा कीं, आज्ञेस आडव्या रेघेसह मोठें 'एफ' हें रोमन अक्षर जोडावें व शोधावयाचा मजकूर एकेरी अवतरणांत ठेवावा. मग प्रत्येक चिन्ह जसें आहे तसेंच शोधलें जातें. लहान 'एफ' जोडिल्यास नांवांची यादी निराळ्या संचिकेंतून देतां येते, आणि लहान 'एन' जोडिल्यास ओळीचा अंक मिळून संदर्भ देणें सुलभ होतें.

दुसरी जागा अधिक धोक्याची. पेरिप्लस ग्रंथांतील तगर तें आजचें तेर, हें वाचकांस ठाऊकच आहे. 'तेर' शोधिल्यास 'तेरा' हा अंक व जमाखर्चाची 'तेरीज' हींही हातीं येतात. तीं निवडून टाकतां तरी येतात. जें निसटतें तें मात्र दिसतच नाहीं. परंडा किल्ल्याचें नांव 'परांडा', 'परिंडा' असेंही लिहिलेलें आढळतें. ओळीच्या शेवटीं 'तुळजा' व पुढील ओळींत 'पूर' पडलें, तर तुळजापूर सांपडत नाहीं. कारण शोध ओळीओळीनें चालतो. 'बऱ्हाणपूर' यांतील अर्धा रकार संगणकांत दोन प्रकारें नोंदला जातो. डोळ्यांस दोन्ही सारखे, यंत्रास भिन्न. उस्मानाबाद हें नांव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलें, आणि २०२३ सालीं जिल्ह्याचें नांव अधिकृतपणें धाराशिव झालें; तेव्हां दोन्ही नांवें यादींत हवींत.

म्हणून 'अमुक दप्तरांत या गांवाचा उल्लेख नाहीं' असें विधान करण्यापूर्वीं कोणकोणतीं रूपें शोधिलीं, हें संशोधकानें नमूद करावें, अशी आमची विनंति आहे. त्याउपरही उल्लेख न मिळाल्यास मूळ कागद एकवार पाहणें भागच आहे.