भूल देण्याआधीचा प्रश्न

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी ‘तुम्ही आर्य वैश्य का?’ असे विचारले, की माणसे बिचकतात. दवाखान्यात जात कशाला? पण कारण आहे. स्नायू सैल करणाऱ्या सक्सिनिलकोलीनचा असर एरवी ५-१० मिनिटांत उतरतो. ते मोडणारे एन्झाइम ज्यांच्या रक्तात जन्मतःच नसते, त्यांना तासन्‌तास श्वासयंत्रावर ठेवावे लागते. दक्षिणेतल्या या समाजात हा दोष इतरांपेक्षा जास्त आढळतो. त्यामागचा जनुकीय बदल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्ततपासणीत तो कळतो, आणि दुसरे औषध देता येते. तरी सोयरीक मोडेल म्हणून घरे गप्प बसतात! बेळगाव-निपाणीकडच्या मराठी-कानडी घरांत नुसत्या आडनावावरून काय कळणार? ‘ऑपरेशननंतर अण्णाला रात्रभर मशीनवर ठेवलं होतं,’ एवढे आत्याने सांगितले, तर भूलतज्ज्ञ भावंडांचीही तपासणी करायला सांगतील.